खोडू नकोस

शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते: चुकलेलं गणित खोडायचं नाही. शेजारी नव्याने मांडा, पण जुनं राहू द्या. मुलांना हे विचित्र वाटतं, कारण लाल फुली बसायच्या आत खोडरबर फिरवायची सवय हाताला लागलेली असते. मला मात्र पुढे काय शिकवायचं हे त्या चुकलेल्या ओळीतूनच कळतं.

चौथीतल्या एका मुलाला ४०२ मधून १५८ वजा करायचे होते. त्याचं उत्तर आलं ३५६. "मोठ्याने करून दाखव बरं," म्हटलं. एककावर बोट ठेवून तो म्हणाला, "दोनातून आठ जात नाहीत, काकू. म्हणून आठातून दोन. सहा." मग पाचातून शून्य, पाच. चारातून एक, तीन. एकाही पायरीवर तो अडखळला नाही. लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही, हे त्याला कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्याने इमानाने पाळलं होतं. अशा मुलाला "लक्ष कुठे असतं तुझं?" असं विचारणं हा अन्याय आहे. त्याचं पूर्ण लक्ष होतं.

हातच्याची रीत त्याने दहा वेळा ऐकलेली होती, ती मी पुन्हा सांगितली नाही. खेळातल्या नोटांचा डबा काढला. त्याच्यापुढे शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली. "आता मला एकशे अठ्ठावन्न दे." त्याने शंभराची एक नोट दिली आणि थांबला. नाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सुट्टे द्याल?" शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा झाल्या, त्यातल्या एकीची दहा नाणी झाली. माझे पैसे चुकते केल्यावर त्याच्याकडे उरले दोनशे चव्वेचाळीस. मग वही ओढून त्याने ४०२ मधल्या शून्यावर स्वतःच नऊ लिहिला. तो नऊ कुठून येतो, हे त्याने हाताने मोजलेलं होतं. ताळा करून बघ, असं सांगावंही लागलं नाही.

पालक म्हणतात, "केवढा पेशन्स आहे तुमच्यात!" पण त्या वेळी मला राग गिळावा लागत नाही. ३५६ कुठून आलं हे शोधण्यात मन इतकं गुंतलेलं असतं की रागाला सवडच मिळत नाही.

गप्प बसणं मात्र शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागतात. मला तर तीन सेकंदही कमीच वाटतात. अपूर्णांक मनात घोळवणाऱ्या मुलीला मी मिनिटभरसुद्धा देते आणि तेवढ्यात पेन्सिलीला टोक काढत बसते. कुणी तोंडाकडे टक लावून बघत असलं की सुचत नाही.

"सोपं तर आहे!" असंही मी म्हणत नाही. सोपं असून सुटत नसेल, तर मूल दोष स्वतःकडे घेतं. आणि सुटलं, तरी त्याचं कौतुक राहत नाही. "जरा अवघड आहे, बसू या," म्हटलं की खांदे सैल पडतात.

दहावीची मुलं दिवाळीनंतर येतात, चाचणीचे पेपर घेऊन. वर्गसमीकरणं कच्ची आहेत, असं घरच्यांना वाटत असतं. तपासलं तर अडचण छेदापाशी निघते: १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५. वरचं वर, खालचं खाली. मी एवढंच विचारते, "अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?" पंधरा वर्षांच्या मुलाला इतकं मागे नेताना त्याची लाज राखायला हवी, म्हणून ती उजळणी धाकटी मुलं घरी गेल्यावर होते.

धाकट्यांच्या सरावाला माझ्याकडे कापरेकर आहेत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करायची. उत्तरातल्या अंकांचं पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. पानभर वजाबाक्या दिल्या तर जांभया देणारी मुलं इथे आपणहून अंक निवडतात. शिवाय तेच अंक मागेपुढे केलेले असल्याने प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात बसते, त्यामुळे तपासायला मी लागत नाही.

परवा एका मुलीला ५४३२ वजा २३४५ चं उत्तर ३११३ आलं. तीच खोड, दर घरात मोठ्यातून लहान. तिने अंक मिळवले, आठ आले.

"काकू, हे नऊच्या पाढ्यात नाही."

"मग?"

"मग एककातच गडबड आहे. थांबा, सांगू नका."