आबाजींचा आवाज आणि अडीच मिनिटांची चूक

आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे गोटमार. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. त्या दिवशी गावात इतकी गर्दी असते की घरातून बाहेर पडायचं म्हटलं तरी आई दारातूनच परत बोलावते. गेल्या वर्षी पोळ्याला मी पुण्याहून घरी आलो होतो. गोटमारीच्या दिवशी घरातच बसायचं होतं, म्हणून पिशवीतून एक कॅसेट काढली आणि एक जुनं काम हाती घेतलं.

कॅसेट सौंसरची, म्हणजे आईच्या माहेरची. मामाने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. १९९१ च्या कार्तिकात काकड आरतीच्या समाप्तीला आबाजींच्या मंडळीने जे भजन केलं, ते कोणीतरी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी आबाजी गेले. त्यांचे फोटो पाच-सहा आहेत, पण आवाज फक्त या एका कॅसेटमध्ये. मामाने ती देताना एवढंच म्हटलं, "बाबू, सांभाळून. दुसरी नाही."

माझ्याकडे सामान साधंच होतं. बाबांचा जुना टेपडेक, त्यांचाच अ‍ॅम्प्लिफायर, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर आणि घरात पडून असलेला बारा वर्षांचा लॅपटॉप. हा लॅपटॉप सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घ्यायचा. त्याच्यावर मी लिनक्स मिंट टाकलं आणि तो पुन्हा कामाचा झाला. लिनक्स फुकट मिळतं एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याची पहिली आवृत्ती १९९१ च्या सप्टेंबरात खुली केली. म्हणजे आबाजींच्या कॅसेटपेक्षा ते फार तर दोन महिन्यांनी मोठं.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून गाणं ऐकलं तर मागे बारीक सू-सू ऐकू येते. आतमध्ये पंखा, डिस्क, पडदा सगळे एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि त्यांचा विजेचा गोंधळ आवाजात उतरतो. म्हणून आकड्यांचा आवाज करण्याचं काम बाहेरच्या डबीकडे सोपवायचं. या डबीला डॅक म्हणतात. पण डॅक फक्त वाजवतो. कॅसेट भरून घ्यायची तर आवाज आतही घेणारं, म्हणजे लाइन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड लागतं. मी तसंच घेतलं होतं. यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या नियमांनी चालणारं कार्ड असेल तर लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वायर लावली की 'अल्सा' नावाचा त्याचा आवाजाचा विभाग ते ओळखून घेतो.

ओळखलं, पण आवाज येईना. पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाचं इथेच घोडं अडतं. लॅपटॉप आवाज पाठवत होता एचडीएमआयकडे, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन नवं कार्ड निवडलं, तेव्हा स्पीकर बोलले. पण सोबत घूंऽऽ असा आवाजही सुरू झाला. लॅपटॉपचा चार्जर काढला की तो थांबे, लावला की पुन्हा सुरू. अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीच्या बोर्डात आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीच्या, त्यामुळे अर्थिंगचं वर्तुळ तयार झालं होतं. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणले आणि घरघर जवळजवळ गेली. काही जण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. तसं कधीही करू नका, ती पिन आपल्या जिवासाठी असते.

मग डेकचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. इतकी वर्षं गुंडाळलेली फीत आतल्या आत चिकटलेली असू शकते, म्हणून आधी एकदा हळूच पुढे-मागे फिरवून घेतली आणि भरायला सुरुवात केली. इथे मी जरा जास्तच शहाणपणा केला. लॅपटॉपची बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकायची आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मधेच बंद पडलं तर अर्धवट फाईल उघडताना त्रास देते, म्हणून मी कच्च्या स्वरूपात भरलं. त्यात नुसते आकडे एकामागे एक साठत जातात. सेकंदाला किती आकडे घेतले, ही नोंदसुद्धा फाईलमध्ये नसते. मी सीडीसारखे सेकंदाला ४४,१०० घेतले होते. एक बाजू मोबाइलच्या घड्याळावर बरोबर ३० मिनिटं चालली. लाइट गेली नाही.

संध्याकाळी आईला बोलावलं. पुतणीही येऊन बसली. ती हिंदी माध्यमात शिकते, मराठी समजते पण बोलताना लाजते. मी फाईल लावली. आधी टाळ, मग खंजिरी, मग आवाज. मला अंगावर काटा आला.

आईने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे कोन गाऊन राह्यलं?"

"आबाजी, आई."

"नाही. माह्या बाबाचा आवाज असा पातळ नव्हता."

मी म्हटलं, जुनी फीत आहे, असं होतं. इतक्या वर्षांनी नीट आठवत नसेल, हेही म्हटलं. ते म्हणायला नको होतं. आई उठली आणि जाता जाता म्हणाली, "बाबाचा आवाज मी वयखत नाही का?"

रात्री झोप येईना. कार्डात दोष असेल म्हणून तपासलं. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाच्या फोल्डरात कार्ड या क्षणी कोणत्या वेगाने वाजतं आहे ते आकड्यात वाचता येतं. तिथे ४८,००० दिसलं. त्यात वावगं काही नव्हतं. हल्लीच्या लिनक्समध्ये आवाजाची वाहतूक सांभाळणारं 'पाइपवायर' मूळ सेटिंगमध्ये सगळं ४८,००० वर चालवतं. ४४,१०० ची फाईल असेल तर मधले आकडे हिशोबाने काढून घेतं. त्याने सूर किंवा वेग बदलत नाही. ज्याला हा हिशोबही नको असेल, त्याने त्याच्या सेटिंगमध्ये ४४,१०० ची परवानगी जोडावी.

मग फाईलच्या लांबीकडे नजर गेली. २७ मिनिटं ३४ सेकंद. घड्याळावर तर ३० झाली होती. जवळजवळ अडीच मिनिटं गेली कुठे?

गेली माझ्याच हाताने. कच्ची फाईल ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये उघडताना तो विचारतो, सेकंदाला किती आकडे? मी सवयीने ४८,००० लिहिलं होतं. ४४,१०० ला ४८,००० ने भागून ३० ने गुणा, बरोबर २७ मिनिटं ३४ सेकंद येतात. आबाजी जवळजवळ नऊ टक्के घाईने गात होते आणि त्यांचा सूर दीड स्वर-पट्टीने, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून दीड पट्टीने वर चढला होता. भजनाचं भजन ओळखू येत होतं, म्हणून मला काही खटकलं नाही. मी आबाजींचा आवाज कधी नीट ऐकलाच नव्हता. आईने ऐकला होता.

सकाळी तिला पुन्हा बसवलं. या वेळी काही बोललो नाही. आवाज सुरू झाला, भरदार आणि थोडा खरखरीत. आईने पदर तोंडाला लावला. दुसरं भजन संपल्यावर खंजिरीवाला घाई करतो आणि आबाजी मधेच त्याला थांबवतात, ते त्यात आलं आहे. "हळू बाप्पा, हळू. आपल्याले काही छोट्या लाइनची गाडी नाही पकडायची."

आई हसली. पुतणीने विचारलं, छोटी लाइन म्हणजे काय? मग आईने तिला नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजची सगळी गोष्ट सांगितली. सौंसर स्टेशन, खिडकीतून येणारा कोळसा, टोपलीतले संत्रे. २०१५ मध्ये ती लाइन मोठी करण्यासाठी बंद झाली, त्याआधीची गोष्ट. पुतणीने मधे मधे प्रश्न विचारले, आणि मराठीत विचारले.

ती फाईल आता फ्लॅक स्वरूपात तीन ठिकाणी ठेवली आहे: मामाकडे, माझ्याकडे आणि पांढुर्ण्याच्या त्या जुन्या लॅपटॉपवर. आई रोज सकाळी पूजेच्या वेळी स्वतःच लावते. कोणतं बटण दाबायचं ते तिला पुतणीने शिकवलं.

तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. या दिवाळीत आवराआवर करताना ती टाकून देऊ नका. मशीन जुनं चालेल, पैसेही फार लागत नाहीत. फक्त भरून झालं की तो आवाज ओळखणारं माणूस शेजारी बसवा, आणि ते "हा नाही" म्हणालं तर आधी आपला हिशोब तपासा.