अलिबाग ते मुरूड : दोघींची धाव

आम्ही दोघी नणंद-भावजय. एक हॉस्पिटलात आया, दुसरी कारखान्यात पॅकिंगला. दोघींचेही काम दिवसभर उभ्याने. अशा आम्ही अलिबागहून मुरूडपर्यंत, किनाऱ्याच्या वाटेने सुमारे ५० किलोमीटर, दोन दिवसांत धावत जायचे ठरवले, तेव्हा चाळीत पहिला प्रश्न आला, "बक्षीस किती?" बक्षीस काहीच नव्हते. आपली पावले आपल्याला कुठवर नेतात, एवढेच पाहायचे होते.

वर्षभर पहाटे मैदानावर सराव केला. भिशीचे पैसे आले, त्यातून बूट घेतले. जानेवारीतल्या एका शुक्रवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो आणि मुक्कामाला अलिबाग गाठले. पिशवीत भाकरी, शेंगदाणे, गूळ आणि घरचे साखर-मिठाचे पाणी होते. भगिनींनो, त्याचे माप लक्षात ठेवा : १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. समुद्राकाठच्या दमट हवेत घामावाटे मीठ फार जाते.

शनिवारी उजाडताना ओहोटी होती. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. साखरची खाडी पुलावरून ओलांडली आणि आक्षी, नागाव असे धावत सुटलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडे, मागे सुपारीच्या वाड्या. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या घाईनं कुठे गो बायांनो?" मुरूडला, म्हटल्यावर ती हसतच राहिली. इतका आनंद आम्हाला कशाचा झाल्याचे आठवत नाही.

पुढे भरती चढू लागली. कोरड्या वाळूत धावायला दीडपट ताकद लागते. किनारा उतरता, त्यामुळे एक पाय सतत खालच्या अंगाला राहतो आणि कंबर धरते. रेवदंड्याला पोचलो तेव्हा बोलायचेही त्राण नव्हते. रात्री ओळखीच्यांकडे राहिलो.

रविवारी कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावला आलो. तिथून कोर्लईकडे. या गावात काही घरांतून आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. पुढे रस्ता चढउताराचा झाला आणि भावजयीच्या टाचेचा फोड फुटला. सोमवारी तिला कामावर उभे राहायचे होते. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली.

"ताई, तुम्ही पुढं व्हा. एकीनं तरी धावत पोचावं."

"आणि दादाला काय सांगू? वहिनी रस्त्यात ठेवून आले?"

जखम धुतली, सुती ओढणीची पट्टी बांधली आणि दोघी चालू लागलो. मनाला लागले. वर्षभराची मेहनत अशी चालण्यावर आली, म्हणून काशीदपर्यंत कोणी बोललो नाही. तिथे पांढऱ्या वाळूवर सावलीत बसून भाकरी खाल्ली, तेव्हा कुठे मन निवळले.

मुरूडला ऊन उतरताना पोचलो. किनाऱ्यावरून समुद्रातला पद्मदुर्ग दिसत होता. तो डोळे भरून पाहिला आणि एस.टी. पकडली. सोमवारी दोघीही वेळेवर कामावर हजर होतो.

आता चाळीतल्या तीन मुली विचारत आल्या आहेत. पहाटे मैदानावर आम्ही पाच जणी असतो.