कुठला हिवाळा मोठा?

बर्फ मी पाहिलेला नाही. लवकर पाहीन अशी चिन्हेही नाहीत. आमच्या निफाड तालुक्यात फार तर एखाद्या पहाटे दव गोठते आणि गवताच्या पात्यांवर मीठ भुरभुरल्यासारखे दिसते; दिवस कासराभर वर आला की तेही नाहीसे होते. असे असूनही गेले वर्षभर मी इंग्लंडातल्या दोन हिवाळ्यांच्या भांडणात अशी काही गुंतले आहे की, वसतिगृहातल्या मैत्रिणी मला ‘बर्फी’ म्हणू लागल्या आहेत. भांडण असे : १९४७ चा हिवाळा मोठा की १९६३ चा?

हे वेड लागले भूगोलाच्या प्रात्यक्षिकात. सरांनी एक लांबलचक तक्ता हातात दिला आणि आलेख काढायला सांगितले. तक्ता मध्य इंग्लंडच्या तापमानाचा. १६५९ पासून आजपर्यंत दर महिन्याची सरासरी. १६५९! म्हणजे शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारले ते साल. त्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी गारठा किती होता हे कोण सांगणार? इंग्लंडातल्या त्या महिन्याचा आकडा मात्र तक्त्यात आहे. सुरुवातीचे आकडे ढोबळ आहेत, जुन्या रोजनिश्यांवरून काढलेले आहेत, पण आहेत. गॉर्डन मॅन्ली नावाच्या भूगोलाच्याच एका प्राध्यापकाने कित्येक वर्षे खपून हे सारे जुळवले आणि १९७४ साली तक्ता पार १६५९ पर्यंत मागे नेला.

एकट्या मॅन्लींचे हे काम नव्हे. त्या देशात हवामानाची हौस असणारी माणसे पिढ्यानपिढ्या होऊन गेली आहेत. १८६० मध्ये जॉर्ज सायमन्स यांनी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचे जाळे विणायला घेतले. बोनासिना नावाच्या गृहस्थांनी तर बर्फ किती पडला यावरून हिवाळ्यांना वर्गच लावून दिले. आपल्याकडे परीक्षेत लावतात तसे! आमच्या महाविद्यालयाच्या मागे झडपांची जी पांढरी लाकडी पेटी उभी आहे आणि जिला आपण सारे ‘कबुतरखाना’ म्हणतो, तिची घडण टॉमस स्टीव्हन्सन यांनी केली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील. इंग्रजी विभागातल्या मंडळींनी निदान या नात्याने तरी त्या पेटीला नमस्कार करावा.

आता मूळ भांडणाकडे येते.

१९६३ च्या बाजूचे लोक सरळ आकडा पुढे करतात. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांची सरासरी उणे ०.३ अंश. १७४० नंतर इतका थंड हिवाळा तिथे झालेला नाही. एकट्या जानेवारीची सरासरी उणे २.१. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९६२ ला, बर्फ सुरू झाला. महिनाअखेरीस नैर्ऋत्य इंग्लंड आणि वेल्समध्ये असे हिमवादळ झाले की, वाऱ्याने लोटलेल्या बर्फाचे ढीग वीस-वीस फुटांवर गेले. पुष्कळ ठिकाणी जमीन पुन्हा दिसली ती मार्चमध्ये. हर्न बे येथे किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला. ऑक्सफर्डला थेम्स नदीवरून कोणी मोटार चालवत नेली.

याचे कारण सरांनी फळ्यावर काढून दाखवले. एरवी अटलांटिक महासागरावरून पश्चिमेचे ओलसर, उबदार वारे येत राहतात, म्हणून इतक्या उत्तरेला असूनही इंग्लंडचा हिवाळा सौम्य असतो. कधी मात्र आइसलंड-स्कँडिनेव्हियाच्या बाजूला जास्त दाबाचा प्रदेश ठाण मांडून बसतो. पश्चिमेची वाट बंद होते आणि पूर्वेकडून, रशियाकडून, सुकी थंडी आत शिरते. लग्नघरच्या दारात एखादा तालेवार पाहुणा खुर्ची टाकून बसावा आणि बाकीच्यांना मागच्या दाराने यावे लागावे, तसे काहीसे.

फुटबॉलची गंमत तर मला फारच आवडली. त्यांच्या मानाच्या एफ. ए. चषकाची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू झाली ती ११ मार्चला संपली! मैदानेच गोठलेली. पण सामन्यांवर पैसे लावणाऱ्या लोकांना निकाल तर हवेत. तेव्हा जाणकारांचे एक मंडळ नेमले गेले; २६ जानेवारीला ते बसले आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी जाहीर केले. विद्यापीठाने ही पद्धत उचलली तर आपली केवढी सोय होईल!

१९४७ च्या बाजूचे लोक यावर गप्प बसत नाहीत. सरासरीत त्यांचा हिवाळा मागे पडतो हे त्यांना मान्य आहे. डिसेंबर साधाच गेला, जानेवारीच्या मध्यावर चक्क ऊब होती, म्हणून तीन महिन्यांचा आकडा १.१ अंशावर येतो. पण २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. सलग पंचावन्न दिवस! शिवाय सर्वांत भयंकर हिमवादळांपैकी एक मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाले. तक्त्याच्या हिशेबी हिवाळा फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून ते वादळ जमेतच धरले जात नाही. हा मुद्दा वाचला आणि मी मनाने १९४७ च्या बाजूला गेले. कॅलेंडरचे पान उलटल्याने थंडी संपते काय?

आणि आकडा बाजूला ठेवून माणसांकडे पाहिले तर चित्र आणखी बदलते. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली नव्हती. पाव रेशनवर होता. १ जानेवारीला कोळशाच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्याच महिन्यात बर्फाने रेल्वे अडवली. कोळसा होता तिथेच गोठून राहिला. १० फेब्रुवारीपासून देशाच्या मोठ्या भागातल्या कारखान्यांची वीज तोडली गेली, घरांची दिवसातून पाच तास. वीस लाखांहून अधिक लोकांचे काम गेले. साप्ताहिके दोन आठवडे बंद राहिली. लंडनजवळ क्यू येथे २ ते २२ फेब्रुवारी एक क्षणही ऊन पडल्याची नोंद नाही. शेतातली कंदमुळे काढायला रस्ते फोडण्याची यंत्रे वापरावी लागली. डोंगरांवर मेंढरे बर्फाखाली गाडली गेली. आणि मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा खालची जमीन अजून दगडासारखी. पाणी मुरणार कुठे? महापूर आला.

याच फेब्रुवारीच्या २० तारखेला पंतप्रधान ॲटली यांनी पार्लमेंटात जाहीर केले की, जून १९४८ पर्यंत हिंदुस्थानची सत्ता हिंदी लोकांच्या हाती सोपवली जाईल. ही तारीख मी इतिहासाच्या पेपरासाठी पाठ केली होती. ती घोषणा करणारे सरकार त्या आठवड्यात घरोघरच्या चुली पेटत्या ठेवण्याच्या विवंचनेत होते, हे आमच्या पुस्तकात कुठेही नव्हते.

तर असे हे भांडण. ते मिटत नाही, आणि मला वाटते की कोणाला मिटवायचेही नसावे. एक बाजू अंश मोजते, दुसरी दिवस मोजते, तिसरी नुकसान मोजते. १९६३ ला थंडी अधिक होती; पण त्या साली लोकांच्या पोटात अन्न होते.

हे वाक्य लिहिताना मला आमचे आजोबा आठवले. आजोबांना सही करता येत नाही, अंगठा लावतात. पण थंडीच्या दिवसांत शेकोटीभोवती त्यांचे आणि शेजारच्या म्हाताऱ्याचे जुंपते ते याच विषयावर. आजोबांच्या मते बहात्तरच्या दुष्काळानंतरची थंडी सर्वांत वाईट. “अंगात काय नव्हतं, अन् अंगावर बी काय नव्हतं,” एवढाच त्यांचा पुरावा. शेजारी दुसरेच साल सांगतो; त्या साली त्याचा बैल दगावला होता. आजी मधेच म्हणते, “ज्याची वाकळ फाटकी त्याची थंडी मोठी.” तिघांपैकी कोणाजवळ तक्ता नाही, पण १९४७ वाल्यांची बाजू त्यांनी मला इंग्रजी पुस्तकांच्या आधी शिकवली होती.

मी पाहिलेला मोठा हिवाळा २०१८ चा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. आमच्याकडच्या थंडीचा आकडा गहू संशोधन केंद्रात मोजला जातो आणि दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्याची माणसे तो वाचून स्वेटर काढतात. द्राक्षबागेत त्याचा अर्थ वेगळा असतो. गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते, साखर भरत नाही, पाणी उतरू लागलेले मणी तडकतात. म्हणून पहाटे तीन-चारला उठून बागेच्या बांधाने शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ठिबकमधून विहिरीचे कोमट पाणी सोडायचे. आईवडील ज्या बागेत मजुरीला होते तिथे हे काम सबंध आठवडा चालले. मी सातवीत होते, लहान म्हणून घरी निजून राहिले. ताई दहावीत होती, ती जात असे.

बाग गेली. व्यापारी फिरकला नाही. मालकाने पहाटेच्या कामाचे पैसे पुढच्या हंगामावर ढकलले, ते पुढे आलेच नाहीत. ताईचा परीक्षेचा अर्ज भरलेला होता, पण फेब्रुवारीत ती आईबरोबर दुसऱ्या गावी कामाला गेली आणि पेपर राहून गेले. माझ्या फीचे पैसे आज तीच पाठवते.

या दिवाळीत मी तिला दोन्ही हिवाळ्यांची हकीगत सांगितली. पंचावन्न दिवस, मेंढरे, न झालेल्या सामन्यांचे निकाल. ती भाकरी थापत ऐकत होती. मग मी विचारले, आपल्याकडची ती थंडी तुला किती आठवते? ती म्हणाली, “थंडी नाही आठवत. धूर आठवतो.” थोड्या वेळाने तिनेच पुढे सांगितले की, पहिल्या तीन पहाटे शेकोट्या नीट पेटल्याच नव्हत्या. छाटणीच्या काड्या दवाने भिजलेल्या होत्या. चौथ्या दिवसापासून ती आदल्या संध्याकाळीच काड्या गोणपाटाखाली झाकून ठेवू लागली. “लिहिणार असशील तर हे लिही,” ती म्हणाली, “तीन दिवस. चार नाही.”

— द्वितीय वर्ष, कला