गव्हाशिवायचा दाणा

कोंबड्यांच्या खाद्याचे कोणतेही कोष्टक उघडा, त्यात कोंबडीला काय लागते ते सगळे सापडेल. प्रथिने किती, कॅल्शियम किती, एका पक्ष्याला रोज किती ग्रॅम. ते खाद्य कालवणारा आणि रोज टाकणारा माणूस मात्र त्या कोष्टकात नसतो. मी अर्नाळ्यात घरामागच्या वाडीत गावठी कोंबड्या पाळते आणि मला गव्हाची ॲलर्जी आहे. त्यामुळे मला हिशेब दोन बाजूंनी मांडावा लागतो: कोंबडीच्या पोटात काय जाते आणि माझ्या श्वासात काय जाते.

कोंबडीच्या खाद्यात गहू बऱ्याच वाटांनी येतो. तयार खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीन पेंडीचे असते. पण मका महागला की तुकडा गहू आणि गव्हाचा कोंडा त्यात शिरतो. दुकानातल्या मिश्र दाण्यात गहू असतोच. शिवाय घरोघरच्या शिळ्या चपात्या आणि पाव. यातला सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे भरडा, कारण तो उडतो. गोणीचे तोंड सोडताना, डबा भरताना, रिकामी गोणी झटकताना जी धूळ उठते तिने शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात, छाती आवळते. पीठ श्वासावाटे गेल्याने बेकरीतल्या कामगारांना दमा होतो, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी 1700 साली कामकऱ्यांच्या आजारांवर जे पुस्तक लिहिले, त्यात भटारखान्यातल्या माणसांच्या खोकल्याचीही नोंद आहे. कोंबड्यांचा खुराडा ही त्याच धुळीची लहान जागा आहे.

गहू वगळला तर कोंबडीचे काही अडत नाही. तिला ऊर्जा हवी, प्रथिने हवीत, कॅल्शियम हवे. ती कोणत्या धान्यातून आली याच्याशी तिला कर्तव्य नाही. आणि आपला उत्तर कोकण तर मुळातच भाताचा मुलूख. इथे तांदळाची भाकरी खाल्ली जाते, भात सडला की कणी आणि कोंडा निघतो, आणि किनाऱ्यावर जवळा वाळतो. परसातल्या कोंबड्या यावरच वाढत आल्या.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मी दहा किलोचे मिश्रण करते ते असे: मक्याचा भरडा साडेचार किलो, तांदळाची कणी एक किलो, भाताचा बारीक कोंडा एक किलो, तेल काढलेली सोयाबीन पेंड दोन किलो, सुका जवळा सहाशे ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा आठशे ग्रॅम आणि खनिज मिश्रण शंभर ग्रॅम. यात सुमारे 18 टक्के प्रथिने येतात. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. कच्चे सोयाबीन घालू नये. त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो. आणि हे मिश्रण पिल्लांना देऊ नये, एवढ्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते.

जवळा निवडणे हे यातले खरे कौशल्य. मूठभर घेऊन चुरडला की तो करकरीत वाजला पाहिजे. मुठीत गोळा होत असेल तर आत ओल आहे. दोन उन्हे दिल्याशिवाय डब्यात भरू नये. वाळूवर वाळवलेल्या जवळ्यात रेती असते, ती चाळून काढायची. समुद्राचे मीठ त्यात असतेच, म्हणून मी वेगळे मीठ घालत नाही, आणि खारवलेली मासळी तर कोंबड्यांना अजिबात देत नाही. जास्त मीठ त्यांना विषासारखे बाधते. जवळ्याचे प्रमाण वाढवले तर अंड्याला मासळीचा वास लागतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यातच बेगमी करावी लागते.

मिश्रणाखेरीज शिंपल्यांचा जाड चुरा मी संध्याकाळी वेगळ्या वाडग्यात ठेवते. अंड्याचे कवच बहुतांशी रात्री तयार होते, आणि जाड तुकडे पोटात सावकाश विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवतात. मका कमी आणि कणी जास्त झाली की बलक फिका पडतो. त्यावर शेवग्याचा पाला आणि झेंडूच्या पाकळ्या हा उपाय आहे, आणि वसईच्या फुलशेतीत झेंडूला तोटा नाही.

पावसाळ्यात सावध राहावे लागते. इथल्या दमट हवेत मक्याला लवकर बुरशी येते, आणि त्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत खाते. कोंडाही खवट होतो. म्हणून थोडे थोडे आणायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. भरडा पाणी शिंपडून ओलसर करून दिला की धूळ उडत नाही. मात्र तो तासा-दोन तासांत संपेल एवढाच कालवायचा, नाहीतर आंबतो.

मका गिरणीत भरडून आणला तर त्याच्याबरोबर आधीच्या दळणाचा गहू येतो, आणि गिरणीच्या हवेतही तोच असतो. म्हणून मका मी घरच्या जात्यावर भरडते. गव्हाच्या जुन्या गोण्या वापरत नाही. खाली अंथरायला भाताचा तूस घेते. शेजारच्या वहिनी प्रेमाने चपात्यांचे तुकडे घेऊन येतात. त्यांना एकदा सांगितले, "वहिनी, कोंबड्यांना चालतं, मला चालत नाही. भात उरला तर तो आणा." तेव्हापासून त्या भातच आणतात.

गहू खाल्लेल्या कोंबडीचे अंडे चालते का, असे मला विचारतात. चालते. गव्हाची प्रथिने कोंबडीच्या पोटात पचतात, ती अंड्यात उतरत नाहीत. काळजी घ्यायची ती कापताना: गळ्याशी असलेल्या पिशवीत न पचलेले दाणे राहतात, म्हणून आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवावा.

दाणा टाकताना नाक वाहत असेल, अंगावर गांध्या उठत असतील, श्वास अडत असेल तर "कोंबड्या सोसत नाहीत" असे म्हणून त्या विकू नका. त्रासाचे कारण पिसे असतील, विष्ठेची धूळ असेल, साठवणीतले किडे असतील किंवा गहू असेल. ॲलर्जीच्या डॉक्टरकडे चाचणी केल्याशिवाय ते कळत नाही. श्वास लागत असेल तर त्यात एक दिवसही घालवू नका. त्रासाचे कारण गहू निघाले तर तुमच्या कोंबड्या तुमच्याजवळ राहू शकतात. बदलायचा आहे तो फक्त दाणा, आणि तो बदलायला लागणारे सगळे या किनाऱ्यावर मिळते.