दोन घरं, दोन डिस्का

खूप दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त आहे आजीच्या कॅसेटचं.

1989 साली बाबांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. मध्येच कोंबडा आरवतो आणि आजी म्हणते, "बंद कर रे बाप्पा तो डबा!" मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, घरातले सगळे फोटो आणि दादाच्या लग्नाची व्हीसीडीही एका एक्सटर्नल डिस्कवर टाकली आणि निर्धास्त झाले. गेल्या उन्हाळ्यात ती डिस्क टेबलावरून पडली. नुसती टकटक करत राहिली, उघडली नाही ती नाहीच. आजी वाचली, कारण मूळ कॅसेट अकोल्याला दादाकडे होती. लेकीचे तीन वर्षांचे फोटो मात्र गेले.

म्हणून परवा राजकमल चौकात नवी डिस्क घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, एसएसडी घ्या, पडली तरी काही होत नाही."

त्याचं खोटं नव्हतं. साध्या हार्डडिस्कमध्ये तबकड्या फिरतात, धक्का त्यांना सोसत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त, आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो. आमच्या घरी कपाटात गेलेली वस्तू केव्हा बाहेर येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे!

मग हिशोब मांडला. तासभराची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली तर साधारण 600 एमबी. म्हणजे बाबांच्या चाळीस कॅसेट 25 जीबीच्या आत. खरी जागा खातात ते मोबाइलवरचे व्हिडिओ. (1956 साली आयबीएमने काढलेल्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये 50 तबकड्या होत्या आणि मावायचे फक्त 5 एमबी. आजीची एक ओवी जेमतेम बसली असती!)

शेवटी एका एसएसडीच्या पैशांत 1 टीबीच्या दोन साध्या डिस्का आणल्या. यूएसबीवरच चालणाऱ्या, वेगळा अ‍ॅडॅप्टर नको. विंडोजने 931 जीबीच दाखवली तेव्हा फसल्यासारखं वाटलं, पण तो नुसता मोजण्यातला फरक. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. दादाकडे मॅक आहे, म्हणून दोन्ही एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्या.

एक डिस्क अमरावतीत राहील, दुसरी अकोल्याला. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भेटतोच, तेव्हा दोन्ही लावून बघायच्या आणि नवीन भर टाकायची. डिस्क कोणतीही घ्या, एक ना एक दिवस ती बंद पडणारच. दोन घरांत शंभरेक किलोमीटरचं अंतर असलं की दोन्ही एकाच वेळी जायची भीती कमी.

परवा दादाने डिस्क लावून फोन केला. काही न बोलता रिसीव्हर स्पीकरजवळ धरला असावा. मला आधी कोंबडा ऐकू आला.