पुस्तकाआधीची माणसं

पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला दोन प्रकारची माणसं येतात. काही पुस्तकाआधीची, काही पुस्तकामुळे लाभलेली. पहिल्यांना आपण ठाऊक असतो, आपल्यातली लेखिका नव्हे. दुसऱ्यांना लेखिका ठाऊक असते, आपण नव्हे. एरवी या दोघांची गाठ पडायचं काही कारण नसतं. शहरातल्या सभागृहात ती पडली तरी कळत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, रंगीत कागदातून सोडवून प्रेक्षकांपुढे धरलेली पुस्तकं, अध्यक्षीय भाषण. नवे मित्र पुढच्या रांगेत टाळ्या वाजवतात, जुने मागच्या रांगेत घड्याळ बघतात. आभार संपले की चहाच्या टेबलापाशी दोन वेगळे घोळके.

म्हणून माझं पुस्तक निघालं तेव्हा मी प्रकाशकांना म्हटलं, चिखल्याला करू या. डहाणूहून बोर्डीकडे निघालं की किनाऱ्याच्या रस्त्यावर नरपडनंतर चिखले लागतं, त्यापुढे घोलवड. एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. 2016 साली ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, तो चिकू याच पट्ट्यातला. आणखी थोडं उत्तरेला सरकलं की गुजरात. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावते, त्यामुळे मुंबईच्या मंडळींना आमचं गाव आवाक्यातलं वाटलं.

लांब पडलं ते जुन्यांनाच. माझ्या जुन्या मित्रमंडळीत मुली जास्त, आणि मुली लग्न होऊन जातात. कुणी वसईला, कुणी विक्रमगडला, कुणी सीमेपलीकडे उंबरगावला. माहेरी येणं होतं ते लग्नाकार्याला, नाहीतर कुणी गेलं म्हणून. मैत्रिणीचं पुस्तक निघालं म्हणून कुणी माहेरी आल्याचं ऐकिवात नव्हतं. एकीला सासूबाईंनी विचारलं, “पण नक्की कुणाचं काय आहे?” पुस्तकाचं काय सांगायचं ते तिला सुचेना. “बारसं आहे,” म्हणाली आणि बॅग उचलून निघाली. आमच्या कार्यक्रमाचं याहून चांगलं वर्णन निमंत्रणपत्रिकेतही नव्हतं.

दिवस थंडीचे होते, म्हणून वाडीत उकडहंडी लावली होती. मडक्यात कोनफळ, रताळी, वांगी, वालाच्या शेंगा भरायच्या, पाणी घालायचं नाही, तोंडाशी पाला दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मुंबईचे पाहुणे त्या जाळाभोवती जमले. पाणी नाही तर शिजतं कसं, करपत का नाही, असे प्रश्न सुरू झाले आणि उत्तरं द्यायला माझ्या मैत्रिणी पुढे झाल्या. पुस्तकाचं अजून नावही निघालं नव्हतं. पण दोन्हीकडची माणसं बोलू लागली होती.

मग एका कवीने सगळ्यांसमोर माझ्या एका वाक्याची तारीफ केली. ओहोटीविषयीचं वाक्य होतं. त्यातली लय, त्यातला नेमकेपणा, असं बरंच तो बोलला. वसईची मैत्रीण शांतपणे म्हणाली, “ते हिचं नाही, हिच्या आजीचं. आम्ही उशिरा घरी आलो की ती असंच म्हणायची.” सगळे हसले, मीही हसले. मात्र त्या दोघांचं बोलणं तिथे थांबलं नाही. आजी आणखी काय म्हणायची, हे त्याने तिला विचारलं आणि तिला जे जे आठवलं त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या कवितांमधल्या वस्तीत हिंडले होते. कविता हातात होत्या, तरी त्या जिथून आल्या ती जागा पायाखाली घालावी असं त्यांना वाटलं. माझं पुस्तक त्या पंक्तीतलं नाही. पण चांगला नवा वाचक कसा असतो, ते मला त्या कवीच्या चौकशीत दिसलं. तो कौतुकावर थांबत नाही, पुस्तकाच्या मागच्या दाराने आत जाऊन चौकशी करतो. आणि मागच्या दाराशी जुनी माणसंच बसलेली असतात.

सह्या करताना वेगळीच पंचाईत झाली. नव्यांच्या प्रतीवर ‘सस्नेह’ लिहिलं की काम होतं. जिच्याबरोबर शाळा बुडवून कैऱ्या पाडल्या तिला काय लिहायचं? ‘सस्नेह’ लिहिणं म्हणजे आजवरच्या ओळखीवर पाणी सोडणं. शेवटी नुसतं नाव लिहिलं, तेही घरात हाक मारतात ते. एका मित्राने प्रत उलटीसुलटी करून किंमत बघितली आणि विचारलं, “यातले तुला किती मिळतात?” मी सांगितलं. त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मला वाटलं, हा आता आणखी दोन प्रती विकत घेणार. घेतल्याही.

उंबरगावच्या मैत्रिणीची मुलगी गुजराती शाळेत शिकते. मराठी बोलते झकास, पण वाचताना अडखळते. आईचं नाव कुठल्या पानावर आहे हे तिला हवं होतं. मग आईने ते पान मोठ्याने वाचलं. ती वाचते म्हणून बाकीच्या गप्प झाल्या, पाहुणेही आले. ठरवून केलेलं अभिवाचन रद्द करावं लागलं, कारण त्याची गरजच उरली नाही.

ऐकणाऱ्यांत आमच्या वाडीत पूर्वी कामाला असलेल्या वारली मावशी होत्या. पुस्तकातला एक लेख त्यांच्यावर आहे. तोही वाचून झाल्यावर मावशींनी मान हलवली आणि लेख जिथे संपतो तिथून पुढची हकिकत सांगायला घेतली. जागा सुटली, पुढे काय झालं, मुलगा कुठे गेला. मी पूर्णविराम दिला होता तिथे त्यांना श्वास घेण्यापुरतंही थांबावंसं वाटलं नव्हतं.

तेव्हा मला या पट्ट्यातली मोठी पुस्तकं आठवली. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुलांना शिकवायला बोर्डीला आल्या. त्याच साली आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि वेठ करणार नाही, असं ठरलं. त्या लढ्यात उभ्या असलेल्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 साली आलं, 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ लिहिलं. ज्यांच्याविषयी ही पुस्तकं आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती 1945 साली पाटीसुद्धा आलेली नव्हती. गोदावरीबाई आणि अनुताई दोघी आधी त्या माणसांत राहिल्या, लिहिणं मागाहून आलं. पुढे कोसबाडला अनुताईंच्या शाळेत मुलं येईनात, गुरं राखायला जात, तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली. तिला कुरणशाळा म्हणत. पुस्तकाच्या बाबतीतही मला हा मार्ग बरा वाटतो. आपल्या पानांतली माणसं सभागृहापर्यंत येत नसतील, तर सभागृहाचा हट्ट कशाला?

पुस्तक खरं आहे का, ते जुने सांगू शकतात. जमलं आहे का, ते नवे सांगू शकतात. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. नुसते जुने असले तर सगळं कौतुकात विरघळून जातं, लिहिलं हेच फार झालं म्हणून. नुसते नवे असले तर वाक्यं आपल्या मालकीची आहेत असं लेखकाला वाटायला लागतं. दोघे एकत्र आले आणि मला बाजूला ठेवून एकमेकांशी बोलू लागले, यातच मला त्या दिवशी सोहळा दिसला. जेवणं झाल्यावर कुणीही माझ्या पुस्तकाविषयी बोलत नव्हतं. आजी, मावशी, ओहोटी, उकडहंडी असं सगळं चाललं होतं, म्हणजे पुस्तकाविषयीच चाललं होतं.

मुखपृष्ठावर नाव माझं एकटीचंच आहे. ते राहू दे. मानधनही माझ्याच नावावर येणार आहे, आणि त्या रकमेत वाटेकरी व्हायला मैत्रिणींपैकी कुणीही तयार नाही.