धरमसीचे पाणी

कारंजे म्हटले की मला थोडा रागच येतो. पाणी उगाच वर उडवायचे आणि पुन्हा खाली पाडायचे, हा उद्योग ज्यांनी डोक्यावरून पाणी वाहिले नाही त्यांनाच सुचावा! मी ठाण्याजवळच्या मानपाड्याचा. आज घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंचच उंच इमारती आहेत; पण माझ्या लहानपणी एक अरुंद रस्ता, मागे येऊरचा डोंगर आणि साऱ्या आळीला मिळून एक विहीर, एवढाच आमचा संसार. चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागे. नेमक्या अशा दिवसांत आई रस्त्याकडेच्या चिंचेखाली रांजण मांडून बसे. सकाळी सात-आठ खेपा करून तो भरी, तोंडाला ओले फडके बांधी आणि वर पितळी तांब्या पालथा घाली. मोळ्या घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाया, गाडीवान, एखादा ट्रकवाला तिथे थांबत.

तांब्या तीनदा चोरीला गेला. आईने चौथा आणला. वडील म्हणाले, "निदान साखळी तरी लाव."

"साखळदंडातलं पाणी गोड लागतं का?" आई म्हणाली. विषय संपला.

अक्षय्य तृतीयेला गेलेल्यांच्या नावाने उदककुंभ द्यायचा असतो. आई त्या दिवशी रांजणाला हळदकुंकू लावी. आजोबा-पणजोबांसाठी असेल, असे मी धरून चाललो होतो.

२०१८ च्या वैशाखात आईला मुंबईला सेंट जॉर्ज रुग्णालयात ठेवावे लागले. वय चौऱ्याऐंशी. भेटीची वेळ संपली की संध्याकाळपर्यंत करायचे काय, हा माझ्यापुढे प्रश्न. रुग्णालयाच्या आवारात नातेवाईक एकमेकांच्या आजाराची चौकशी करतात. ती ऐकून प्रकृती बिघडते ती आपली. म्हणून मी जीपीओला वळसा घालून मिंट रोडला निघालो, आणि नाक्यावर ते कारंजे दिसले. पूर्वी शंभरदा त्यावरून गेलो असेन. तेव्हा ते काजळलेले होते. आता नुकतीच डागडुजी झाली होती. (त्याच वर्षी पुढे युनेस्कोने या कामाला शाबासकी दिली.) दगडात कोरलेली जनावरांची तोंडे, कमानी, खांब, आणि सगळ्यांच्या वर, मान मोडेपर्यंत पाहिले तरच दिसेल असा, पुस्तक घेतलेला एक मुलगा.

देवाच्या किंवा लाटसाहेबाच्या जागी मुलगा कसा, म्हणून मी शोध घेतला. रतनसी मुळजी हे कापडाच्या व्यापारातल्या जेठा घराण्यातले. त्यांचा एकुलता एक मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी हे कारंजे बांधवले. १८९४ च्या सुमारास ते उभे राहिले. आराखडा बोरीबंदरचे स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबाचा. त्या काळच्या धनिकांना पाण्याचे मोठे वेड. कावसजी जहांगीर यांनी तर मुंबईला चाळीस कारंजी दिली. माणसांना प्यायला पाणी आणि खाली बैलाघोड्यांना कुंड्या, अशी तेव्हाच्या पाणपोयांची रीत होती. कारंज्यावरचा माझा राग तिथेच निम्मा उतरला. हे पाणी पिण्याचे होते!

संध्याकाळी आईला करमणूक म्हणून हे सारे सांगितले. ती डोळे मिटून पडली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"पंधराचा होता?"

"हो."

"तुझा दादा तेराचा."

मला एक थोरला भाऊ होता आणि तो विषमज्वराने गेला, एवढेच मला ठाऊक. मी तेव्हा चार वर्षांचा. घरात त्याचा फोटो नव्हता आणि त्याचे नाव कुणी काढीत नसे. वडील तर तसेच गेले.

"शेवटचे दोन दिवस पाणी पाणी करत होता," आई म्हणाली. "वैद्यांनी सांगितलं, पाणी देऊ नका. मी दिलं नाही."

वॉर्डात पंखा फिरत होता. काय बोलावे ते मला सुचेना. तशा तापात पाणी द्यायचेच असते, हे आज कुणीही सांगेल. आई रेडिओ ऐकणारी, पेपर वाचणारी. तिलाही ते कधीतरी कळले असणारच. केव्हा कळले, ते विचारायचे धाडस मला झाले नाही. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "तानसाचं पाणी मुंबईला १८९२ मध्ये आलं. म्हणजे त्या शेठच्या कारंज्यात बहुधा आपल्या ठाणे जिल्ह्याचंच पाणी असणार."

"मग बरं झालं," आई म्हणाली, आणि कुशीवर वळली.

अधिक ज्येष्ठात ती घरी आली. चिंच रस्तारुंदीत केव्हाच गेली होती. मी इमारतीच्या फाटकापाशी माठ ठेवला, वर स्टीलचा पेला. सामान पोचवणारी पोरे, रिक्षावाले, रखवालदार पाणी पिऊ लागले. चौथ्या दिवशी पेला नाहीसा झाला. मी वर येऊन आईला सांगितले.

"दुसरा ठेव," ती म्हणाली.